पदव्युत्तर शिक्षण समितीचे वार्षिक अग्रक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि पीएचडी यांचा कारभार पाहणारी एक समिती असतेच. कुठे तिला पदव्युत्तर शिक्षण मंडळ म्हणतात, कुठे संशोधन मंडळ, तर कुठे ती विद्वत परिषदेची स्थायी उपसमिती असते. नाव काहीही असो, वर्षाच्या सुरुवातीला 'यंदा काय हाती घ्यायचे' हा प्रश्न तिच्यापुढे येतो आणि बहुतेक वेळा घाईत उरकला जातो. मी अशा समितीची सदस्य सचिव म्हणून काम केले आहे, नंतर साधी सदस्य म्हणूनही. नवे सदस्य, विभागप्रमुख आणि विद्यार्थी प्रतिनिधी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

समितीची कामे नियमांत लिहिलेलीच असतात. मग वेगळे अग्रक्रम कशाला?

समितीपुढे काय काय येऊ शकते एवढेच नियम सांगतात. त्यातले आधी काय घ्यायचे ते सांगत नाहीत. समितीने ते ठरवले नाही की विषयपत्रिकाच ठरवून टाकते. मग ज्याची तारीख तोंडावर आली आहे किंवा ज्याचा पाठपुरावा करणारा माणूस चिवट आहे, तो विषय वर येतो. ज्याला तारीख नाही आणि वालीही नाही, तो खाली खाली सरकत जातो. पदव्युत्तर शिक्षणातले सगळ्यात जड प्रश्न नेमके याच दुसऱ्या प्रकारचे असतात.

१९७२ साली कोहेन, मार्च आणि ओल्सन या तीन अभ्यासकांनी विद्यापीठांसारख्या संस्थांत निर्णय कसे होतात यावर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न, उपाय आणि माणसे अशा ठिकाणी आपापल्या वाटेने येत-जात असतात आणि सभेच्या वेळी जे एकत्र जमून येईल त्यावर निर्णय ठरतो, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी दोन-तीन वर्षे समितीत काढली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अग्रक्रम किती असावेत?

तीन. माझे उत्तर ठाम आहे, कारण ते तासांच्या हिशोबातून आले आहे.

हा हिशोब प्रत्येक समितीने एकदा कागदावर मांडावा. समजा वर्षाला आठ सभा होतात आणि प्रत्येक सभा दोन तासांची असते. म्हणजे सोळा तास. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मुदतवाढीचे अर्ज, परीक्षकांची नावे, अभ्यासक्रमांतले किरकोळ बदल, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, या सगळ्यांत त्यातले बारा तास सहज जातात. उरले चार. एखादा अवघड विषय तडीस न्यायचा तर तो किमान तीनदा सभेपुढे यावा लागतो: आधी प्रश्न समजून घ्यायला, मग मसुदा पाहायला, शेवटी मंजुरीला. दर वेळी अर्धा तास धरला तरी दीड तास झाला. चार तासांत दोन विषय नीट होतात आणि तिसऱ्यासाठी ओढाताण करावी लागते. दहा-बारा अग्रक्रमांची यादी करणाऱ्या समितीने हा गुणाकार केलेला नसतो.

तिसऱ्याला जागा करायची एक साधी रीत आहे. नेहमीचे विषय आठवडाभर आधी सर्व सदस्यांकडे पाठवावेत आणि सभेत एकाच ठरावाने एकत्रित मंजूर करावेत. कुणाला त्यातला एखादा विषय चर्चेला हवा असेल तर त्याने तो बाहेर काढून मागावा. एवढ्याने दर सभेत वीस-पंचवीस मिनिटे मोकळी होतात.

ती मिनिटे कुठे जातात यावर मात्र लक्ष हवे. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली एका वित्त समितीचे काल्पनिक उदाहरण दिले होते. ती समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास बोलते, कारण सायकल शेडबद्दल प्रत्येकाला काहीतरी म्हणायचे असते. आमच्या एका सभेत प्रबंधाच्या मुखपृष्ठाच्या रंगावर असाच वेळ गेला, आणि मार्गदर्शक बदलण्याच्या नियमांचा विषय त्या दिवशी पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या विषयाची वाट पाहणारी माणसे होती. म्हणून अग्रक्रमाचा विषय पत्रिकेत इतिवृत्तानंतर लगेच, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा असा माझा आग्रह असतो.

विषय शोधायचे कुठे?

पहिल्यांदा आपल्याच दप्तरात. गेल्या दोन वर्षांची इतिवृत्ते काढा आणि 'पुढील सभेत ठेवावे' हे शब्द जिथे जिथे आले आहेत तिथे खूण करा. तीनदा पुढे ढकललेला विषय हा अग्रक्रमाचा पहिला उमेदवार.

मी हे एका अर्जावरून शिकले. एका संशोधक विद्यार्थिनीने प्रबंध सादर करायची मुदत वाढवून मागितली होती. मधल्या काळात तिचे बाळंतपण झाले होते. अर्जाच्या नमुन्यात रजेसाठी रकानाच नव्हता. 'कारण' या शब्दापुढे एकच ओळ होती आणि तिने त्या ओळीत मावेल एवढ्या बारीक अक्षरांत सगळे लिहिले होते. अर्ज विषयपत्रिकेत चौदाव्या क्रमांकावर होता. पहिल्या सभेत तिथवर पोहोचलो नाही. दुसऱ्या सभेत कुणीतरी विचारले की हा रजेचा विषय की मुदतवाढीचा, आणि नियम पाहून सांगू म्हणून तो राहिला. तिसऱ्या सभेत साडेपाचला गणसंख्या तुटली, म्हणजे निर्णयाला लागणारे किमान सदस्य उरले नाहीत. कक्षातल्या लिपिकांनी दर वेळी समासात पेन्सिलीने तारीख टाकली होती, एकाखाली एक तीन तारखा. चौथ्या सभेत अर्ज मंजूर झाला तेव्हा तिची नोंदणी आधीच संपली होती आणि नोंदणी संपली म्हणून विद्यावेतन थांबले होते. सचिव मीच होते. तो अर्ज मी वर घेऊ शकले असते.

त्यानंतर आम्ही वर्षभरातले सगळे मुदतवाढीचे अर्ज टेबलावर पसरून वाचले. बऱ्याच अर्जांत कारण तेच किंवा त्याच्या जवळचे होते: बाळंतपण, घरातले आजारपण, स्वतःचे आजारपण. दर अर्जावर वेगळी चर्चा करत आम्ही जे तास घालवत होतो, ते एका नियमाने आणि अर्जात एका रकान्याने वाचले असते. पुढच्या वर्षीचा पहिला अग्रक्रम त्या टेबलावर ठरला.

दप्तरानंतर माणसे. पदव्युत्तर कक्षातले कर्मचारी, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक, तक्रार निवारणाचे काम पाहणारे शिक्षक. विद्यार्थी कुठे अडतो हे खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला अध्यक्षांच्या आधी कळते. त्यांना एकच प्रश्न विचारा: कोणत्या कामासाठी मुले तुमच्याकडे तीन-तीन चकरा मारतात?

आकडेवारी कोणती मागवावी?

थोडी, पण योग्य. एका वर्षी पीएचडीला नोंदणी झालेल्या सगळ्या विद्यार्थ्यांची एक तुकडी धरा आणि आज त्यांतले कोण कुठे आहे ते चार रकान्यांत लिहा: प्रबंध सादर केला, अजून काम चालू, सोडून गेले, माहिती नाही. चौथा रकाना आधी वाचा. तिथे बरीच नावे असतील तर आपल्याला आपले विद्यार्थीच ठाऊक नाहीत, आणि मग यंदाचा एक अग्रक्रम आपोआप ठरतो.

'यंदा किती पीएचडी दिल्या' हा आकडा वार्षिक अहवालाला शोभतो, पण आलेल्यांपैकी किती जण पुरे करू शकले हे त्यातून कळत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांचा अभ्यास कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेने केला, तेव्हा दहा वर्षांत पीएचडी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के निघाले. अभियांत्रिकीत ते सुमारे ६४ टक्के होते, मानव्यविद्यांत ४९ टक्के. एवढ्या निवडून घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी इतके जण वाटेत थांबतात, ही गोष्ट कोणत्याही समितीला अस्वस्थ करायला हवी. दोन शाखांतले अंतरही पाहण्यासारखे आहे. सगळ्या विद्यापीठाची सरासरी काढली की ते झाकले जाते, म्हणून आकडे विभागवार मागवावेत.

एक सावधगिरी. आकडा उद्दिष्ट बनला की तो गाठायच्या आडवाटा निघतात. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात मांडलेला हा विचार शिक्षणातही लागू पडतो. 'सरासरी कालावधी कमी करा' असे फर्मान निघाले की रेंगाळलेल्या विद्यार्थ्याला मदत मिळण्याऐवजी त्याचे नावच पटावरून कमी केले जाऊ शकते. म्हणून कालावधी आणि गळती हे दोन आकडे नेहमी जोडीने पाहावेत.

मार्गदर्शनाचा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तसाच राहतो. काय करावे?

तो राहतो कारण तो अवघडलेपणाचा आहे. समितीत बसलेले बहुतेक जण स्वतः मार्गदर्शक असतात आणि सहकाऱ्यांबद्दल बोलायला कुणालाच बरे वाटत नाही. तरीही पदव्युत्तर शिक्षणातला याहून मोठा विषय मला माहीत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला एक शिक्षक नाही आवडला तर दुसरे पाच असतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा विषय, वेळापत्रक, शिफारसपत्र आणि पुष्कळदा विद्यावेतनही एकाच माणसाच्या हाती असते. तो माणूस चांगला असतो तेव्हा याहून सुंदर शिक्षण नाही. तसा नसतो तेव्हा विद्यार्थ्याला जायला जागा नसते.

युरोपातल्या विद्यापीठांनी २००५ साली साल्झबर्ग इथे डॉक्टरेटच्या शिक्षणाची दहा तत्त्वे मांडली. त्यांत मार्गदर्शन आणि मूल्यमापन ही विद्यार्थी, मार्गदर्शक आणि संस्था या तिघांची सामायिक जबाबदारी असून ती पारदर्शक करारावर उभी असावी, असे म्हटले आहे. यातला तिसरा पक्ष महत्त्वाचा. 'तो त्या दोघांमधला प्रश्न आहे' असे म्हणून समितीला बाजूला होता येत नाही.

पण संपूर्ण विषय एका वर्षात घेऊ नका. त्याचा एक तुकडा उचला. पहिल्या दोन महिन्यांत लिहून घ्यायचे मार्गदर्शनपत्र हा एक तुकडा आहे: भेट किती दिवसांनी, दिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत, शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरेल, सुटीच्या काळात संपर्क कसा. मार्गदर्शक बदलायची रीतसर वाट हा दुसरा. माझी स्वतःची पसंती तिसऱ्याला आहे. प्रगती आढाव्याच्या दिवशी मार्गदर्शकांनी दहा मिनिटे बाहेर थांबावे आणि आढावा समितीने विद्यार्थ्याशी एकट्याने बोलावे. ही भेट प्रत्येक विद्यार्थ्याशी व्हावी, म्हणजे कुणी तक्रार केली असा अर्थ निघत नाही. याला सहसा पैसा लागत नाही की नियमावली बदलावी लागत नाही. मी पाहिलेल्या अशा भेटींत बहुतेक मुले 'सगळे ठीक आहे' म्हणून उठली. एकदा एक मुलगा काहीच बोलला नाही, फक्त वहीची कड दुमडत आणि उलगडत बसला. शेवटी आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारले, "तुमची शेवटची भेट कधी झाली?" तो म्हणाला, "सर, नऊ महिने झाले."

विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य हा समितीचा विषय आहे का? त्यासाठी समुपदेशन केंद्र असते ना?

समुपदेशन केंद्र हवेच. पण बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा जो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांना मानसिक विकाराचा धोका असल्याचे दिसले. मार्गदर्शकाची वागण्याची रीत, कामाचा ताण आणि कामावर आपले कितपत नियंत्रण आहे, यांचा त्याच्याशी संबंध आढळला. या गोष्टी समुपदेशकाच्या खोलीत ठरत नाहीत. मुदती, रजा, आढाव्याची पद्धत, मार्गदर्शक बदलण्याची मुभा, विद्यावेतन वेळेवर मिळणे हे सारे नियमांत ठरते आणि नियम समितीच्या टेबलावर येतात. म्हणून 'मानसिक आरोग्य' असा गोल शब्द अग्रक्रमात लिहू नका. त्याखालचा नियम कोणता, ते लिहा.

समितीला फक्त शिफारशीचे अधिकार आहेत. अग्रक्रम ठरवून उपयोग काय?

आधी विषयांचे तीन गट्ठे करा: आपण स्वतः ठरवू शकतो ते, शिफारस करू शकतो ते, आणि ज्यावर फक्त मत मांडू शकतो ते. विद्यावेतनाची रक्कम वाढवणे बहुधा तिसऱ्या गट्ठ्यात जाईल. अर्जाचा नमुना, आढाव्याची पद्धत, परीक्षकांची नावे किती दिवसांत पाठवायची, हे पहिल्यात. तीनपैकी किमान एक अग्रक्रम पहिल्या गट्ठ्यातला हवा. वर्षाअखेर काहीतरी पुरे झालेले दिसले की सदस्य पुढच्या वर्षी मन लावून येतात.

शैक्षणिक बाबतींत शिक्षकांचा शब्द मुख्य असावा, ही काही आपली लहर नाही. अमेरिकेत १९६६ साली प्राध्यापकांची संघटना, अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही शिक्षण परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून तयार केलेल्या निवेदनात अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती आणि संशोधन ही प्रामुख्याने शिक्षकांची जबाबदारी मानली आहे. मात्र जबाबदारी सांगितली की तयारीही दाखवावी लागते. शिफारस पाठवताना खर्च किती, करणार कोण आणि न केल्यास काय होईल या तीन ओळी सोबत जोडल्या, तर वरच्या कार्यालयाला ती बाजूला ठेवणे जड जाते.

अग्रक्रम कोणत्या शब्दांत लिहावा?

'संशोधनाचा दर्जा उंचावणे', 'मार्गदर्शन अधिक प्रभावी करणे' ही वाक्ये कधीच पुरी होत नाहीत आणि कधीच चुकत नाहीत, म्हणून टाकून द्या. असे लिहा: 'दुसऱ्या सत्रापासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याचे मार्गदर्शनपत्र दोन महिन्यांत विभागात जमा होईल. मसुदा तिसऱ्या सभेत, मंजुरी पाचव्या सभेत.' पुढे एका सदस्याचे नाव. 'सर्व सदस्य' असे लिहिले की कुणीच करत नाही.

त्याच पानावर खाली 'यंदा घेणार नाही' असा मथळा देऊन वगळलेले विषयही लिहा. हे लिहिताना सभेत शांतता पसरते, कारण कुणाचा तरी जिव्हाळ्याचा विषय तिथे जातो. तरीही लिहावे. ज्याचा विषय वगळला गेला त्याला तो का वगळला हे कळण्याचा हक्क आहे, आणि पुढच्या वर्षी तो विषय कुठून उचलायचा तेही त्या पानावर सापडते.

विद्यार्थी प्रतिनिधीला कधी बोलवावे?

यादी करण्याआधी. तयार यादीवर त्याची मान डोलावून घेण्यात अर्थ नाही. कागदपत्रे त्यालाही इतरांइतकीच आधी मिळायला हवीत आणि चर्चेत पहिल्यांदा बोलायची संधी त्याला द्यावी. दोन ज्येष्ठ प्राध्यापक बोलून गेल्यावर विद्यार्थी सहसा वेगळे मत मांडत नाही. शक्य असेल तर दोन प्रतिनिधी घ्या आणि त्यांचा कार्यकाळ सहा महिन्यांनी पुढे-मागे ठेवा, म्हणजे एकाला समजू लागते तोवर दोघेही गेलेले नसतात. नोकरी करून शिकणाऱ्यांचे म्हणणे कोण मांडणार, हेही पाहा. दुपारच्या सभेला ते येऊच शकत नाहीत.

हे सगळे कधी ठरवायचे?

शैक्षणिक वर्ष संपायच्या आधीच्या सभेत. नवे वर्ष सुरू झाल्यावर बसलात तर पहिल्या दोन सभा त्यातच जातात आणि प्रवेशाच्या धांदलीत निम्मे सदस्य नसतात.

उपसमिती नेमावी का?

नेमावी, पण तीन जणांची आणि अहवालाची तारीख ठरवून. तारखेविना नेमलेली उपसमिती म्हणजे विषय पुढे ढकलण्याचाच आणखी एक प्रकार.

वर्षाच्या मध्येच मोठा विषय येऊन पडला तर?

येतोच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाले आणि जगभरच्या विद्यापीठांना वर्ष अर्ध्यावर असताना प्रबंधलेखन, उचलेगिरी आणि मौखिक परीक्षा यांबद्दल नव्याने विचार करावा लागला. कोणत्याही यादीत तो विषय नव्हता. अशा वेळी नवा विषय जरूर घ्या, पण त्या बदल्यात तिघांपैकी कोणता थांबवतो आहोत याचा ठराव करा आणि तो इतिवृत्तात लिहा. नुसती भर घालत गेलात तर चारही अर्धवट राहतात. चौथ्या सभेत वीस मिनिटे मध्यावधी आढाव्यासाठी राखून ठेवली, तर हा बदल शांतपणे करता येतो.

अध्यक्ष बदलले की सगळे पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यावर उपाय?

मावळत्या सचिवाने दोन पानांचे टिपण लिहून ठेवावे: कोणता विषय कुठवर आला, मसुदा कोणत्या फाइलमध्ये आहे, कुणाशी बोलणे झाले, कोणता आक्षेप अजून सुटलेला नाही. टिपणात शेवटी प्रलंबित अर्जांची यादी द्यावी, विद्यार्थ्याचे नाव आणि पहिला अर्ज आल्याची तारीख यांसह, सगळ्यात जुना अर्ज सगळ्यात वर. नव्या अध्यक्षांनी पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर सही करण्याआधी ती यादी समोर घ्यावी.